जोत्याच्या खालचं गणित

"बाबा, कधी येताय?"

आमचा मुलगा डोंबिवलीहून रोज संध्याकाळी फोन करायचा आणि हेच विचारायचा. त्याची आई गेली त्याला वर्ष झालं. वर्षश्राद्धाला तो बायकोपोरांसकट आला, सगळं नीट केलं आणि जाताना अंगणात उभा राहून म्हणाला, "आता तुम्ही इथे एकटे राहायचं नाही." मी म्हटलं, बघू. मी बघू म्हटलं की त्याचा अर्थ नाही असा असतो, हे त्याच्या आईला कळायचं. त्याला कळलं नाही, म्हणून फोन चालू राहिले.

शेवटी मीच कंटाळलो आणि एक दिवस सांगून टाकलं, "मी शाळेत नाव घातलंय."

"कसल्या शाळेत?"

"फ्रिज दुरुस्तीच्या. मिरजोळ्याला कारखान्यांच्या वसाहतीत एक शेड आहे, तिथे वर्ग चालतो. फ्रिज, एसी, बर्फाची यंत्रं, सगळं शिकवतात."

"बाबा, तुमचं वय काय, तुम्ही बोलताय काय?"

"वयाची अट नाय. लिहितावाचता आलं पाहिजे. मला येतं."

"आणि हिशेब?"

आमच्या घरात हिशेब कोण करायचं हे त्याला लहानपणापासून ठाऊक. पण मागे हटायचं नाही असं ठरवूनच मी फोन उचलला होता. म्हटलं, "ऐक. पहिला महिना नुसती मापं आणि गणित आहे. मग परीक्षा. पास झाला त्याला हत्यारं हातात देतात, नापास झाला त्याला घरी पाठवतात. मी पास झालो तर कधी येताय हे तू परत विचारायचं नाही. नापास झालो तर घराला कुलूप लावतो आणि येतो. मग तू बसवशील तिथे बसेन."

"शब्द?"

"शब्द."

तो हसला. मी नापास होणार याची त्याला खात्री होती. खरं सांगायचं तर मलाही होती. पण डोंबिवलीच्या त्या दोन खोल्यांत, नातवंडांच्या अभ्यासाच्या टेबलामागे, भिंतीकडे तोंड करून दिवस काढायचे या विचाराने माझा जीव घुसमटायचा. सून वाईट नाही, मुलगा वाईट नाही. पण तिथे माझ्या हाताला काय काम? दूध आणायचं आणि बाल्कनीत उभं राहायचं.

मी गवंडी. जन्मभर चिऱ्याची कामं केली. चिरा म्हणजे आमचा तांबडा जांभा दगड, खाणीतून ठोकळ्यासारखा कापून काढतात. त्याच्या भिंती मी इतक्या उभ्या केल्या, की गावातून चालताना अजून हात लावून बघतो, सांधा सुटला की काय. माझ्याकडे माप होतं. ओळंबा, गुण्या, टेप, आणि टेप नसेल तर वीत. कुठली भिंत किती कलली ते मला नुसत्या डोळ्याने दिसायचं. हिशेब मात्र माझ्या बायकोचा.

आमची पद्धतच तशी पडली होती. ती माझ्या हाताखाली काम करायची. मी वर परांचीवर उभा राहून टेप लावायचो आणि ओरडायचो, "लांबी सव्वाबारा फूट! उंची साडेनऊ!" ती खाली माल कालवत असायची. फावडं थांबायचं नाही. डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरायचा आणि खालून उत्तर यायचं. इतके चिरे, इतकी वाळू, इतकं सिमेंट. ती सातवीपर्यंत शिकलेली, आणि तिच्या बापाने तिच्याकडून पावकी, निमकी, सवायकी घोकून घेतलेली. पावपट, अर्धापट, सव्वापट असे अपूर्णांकांचे पाढे. आता ते कोणी शिकवत नाही. मी कधी चुकून आकडा तोंडातल्या तोंडात बोललो तर ती वरडायची, "मोठ्यान बोला वो, मला काय तुमच्या पोटातलं ऐकू येतं?"

तिने हे कुठे लिहून ठेवलं नाही. मीही कधी शिकलो नाही, कारण ती होती.

आता फ्रिज कुठून आला ते सांगतो. ती आजारी होती तेव्हा तिचं इंजेक्शन थंडाव्यात ठेवावं लागायचं. डब्यावर लिहिलेलं होतं, दोन ते आठ अंश. आणि त्याच दिवसांत आमच्या फ्रिजने मान टाकली. आमच्याकडे समुद्राची खारी हवा, मागची जाळी गंजून खलास होते. मेकॅनिकला फोन केला की तो म्हणायचा, उद्या येतो. मी बर्फ आणून डब्यात घालायचो, त्यात औषध ठेवायचो, आणि ते दोन आहे की आठ आहे की वीस आहे ते मला समजायचं नाही. हात लावून बघायचो. ती कॉटवरून म्हणायची, "हाताला काय समजतंय?" ती फ्रिजमुळे गेली नाही, हे मी स्पष्ट सांगतो. तिचा आजारच तसा होता. पण दुसऱ्याच्या 'उद्या'कडे तोंड करून बसायचं, आणि आपल्याला काही कळत नाही, हे माझ्या डोक्यात रुतून बसलं. चिरे उचलायची ताकद आता कंबरेत नाही. पण नळी कापता येईल, जोडता येईल. हात अजून थरथरत नाहीत.

म्हणून नाव घातलं.

वर्गात सगळी दहावी-बारावी झालेली पोरं. कोणी पावसचा, कोणी चिपळूणहून मामाकडे राहायला आलेला, एक दाभोळचा होता, त्याच्या घरची मच्छीची होडी. पहिल्या दिवशी मी शिरलो तर सगळी उठून उभी राहिली. त्यांना वाटलं मास्तर आला. मी शेवटच्या बाकावर जाऊन बसलो तेव्हा दाभोळचा मागे वळून म्हणाला, "आजोबा, नातवाला सोडायला आलाव काय?"

"नाय रे, तुला घरी न्यायला आलोय. चल."

पोरं हसली. मग बरं झालं. त्यानंतर मला बघून कोणी उठून उभं राहिलं नाही.

शिकवायला एक मॅडम होत्या. माझ्या मुलापेक्षा लहान. निळा कोट, खिशात पेन, पेनाशेजारी थर्मामीटर. मला काका म्हणायच्या. मी मॅडम म्हणायचो, कारण शिकवणाऱ्याला तसंच म्हणायचं असतं. त्यांनी पहिल्याच दिवशी तांब्याच्या नळ्या टेबलावर मांडल्या. पाव इंची, तीन अष्टमांश, अर्धा इंची. पोरं त्या अपूर्णांकांना बिचकत होती. माझ्यासाठी ते काहीच नव्हतं. इंचाचे आठ सूत, हे मी हातात टेप आल्यापासून जाणतो. पाव इंच म्हणजे दोन सूत, तीन अष्टमांश म्हणजे तीन सूत. नळी बोटात धरून मी सांगत होतो. मॅडम म्हणाल्या, "काका, बरोबर आहे, पण बोटाने नाही. कॅलिपर लावा. गवंडीकामात अर्धा सूत चालेल, इथे गॅस गळेल." मी तो मापाचा चिमटा लावला. त्यांचं खरं होतं, माझ्या बोटाने एका नळीला फसवलं होतं.

दुसऱ्याच आठवड्यात मी हसं करून घेतलं. मॅडम दीड टनाच्या एसीबद्दल बोलत होत्या. मी हात वर केला. म्हटलं, "मॅडम, दीड टन भिंतीवर टांगायचा तर नुसते खिळे पुरणार नाहीत. भिंत आधी चिऱ्याची आहे की विटांची ते बघायला पाहिजे." वर्ग बाकांवर आडवा झाला. दाभोळचा म्हणाला, "आजोबा, तुमची भिंत ऱ्हाईल, पण चढवणारा कुठं ऱ्हाईल?" मॅडम हसल्या नाहीत, हसल्या असतील तर तोंड फिरवून. मग त्यांनी सांगितलं, की हा टन वजनाचा नाही. एक टन पाण्याचा एका दिवसात बर्फ करायला जेवढी उष्णता काढून घ्यावी लागते, तेवढं काम. मी ते लिहून घेतलं. लाज वाटली नाही. न विचारता भिंत पाडण्यापेक्षा विचारून हसं झालेलं बरं.

खरी अडचण पुढे आली. शून्याच्या खाली.

रत्नागिरीत जन्म काढलेल्या माणसाला शून्य अंश म्हणजे काय हे कुठे माहीत? आमच्याकडे थंडी म्हणजे पहाटे गोधडी अंगावर ओढायची, बस. मॅडमनी फळ्यावर उभी रेघ काढली, मध्ये शून्य, वर आकडे, खाली आकड्यांच्या आधी आडवी काडी. उणे पाच, उणे अठरा. आणि विचारलं, "यात लहान कोण?"

मी म्हटलं, "उणे पाच."

"नाही काका. उणे अठरा लहान."

"कसं काय?" मला खरंच कळेना. "मॅडम, घराचं जोतं धरा. जोत्याच्या वर भिंत, जोत्याच्या खाली पाया. पाच फूट खोल पाया आणि अठरा फूट खोल पाया, यात लहान कुठला? माती कशात जास्त निघते?"

"अठरा फुटात."

"मग अठरा मोठा."

एकजण म्हणाला, "आजोबांचा पॉइंट हाय." मॅडम म्हणाल्या, "काका, तुम्ही खड्डा मोजताय. मी विचारतेय तळ कुठे आहे. वर आहे की खाली." मी मान हलवली, पण पटलं नाही. मनातल्या मनात म्हटलं, ही शिकलेल्या लोकांची उलटी रीत आहे, असू दे. तिथेच मी घसरलो.

परीक्षा शुक्रवारी झाली. मोबाईल बाहेर ठेवायला लावले. मी आधी सोपी गणितं घेतली. तांब्याच्या दोन नळ्या जोडायच्या, एकीची लांबी तीन फूट चार इंच दोन सूत, दुसरीची दोन फूट नऊ इंच सात सूत, एकूण किती? मी पेन टेकवलं आणि मला कळलंच नाही, मी मोठ्याने बोललो. "तीन फूट, चार इंच, दोन सूत!" अगदी परांचीवरून बोलल्यासारखा. आणि थांबलो.

वर्गात सगळे वळून बघायला लागले. कोणीतरी फिसकन हसलं. मॅडम म्हणाल्या, "काका, मनात."

मी कशासाठी थांबलो होतो ते मला तेव्हा समजलं. खालून उत्तर येईल म्हणून. वर्ष झालं, तिला माझ्या हातांनी अग्नी दिला, तिसऱ्या दिवशी अस्थी खाडीत सोडल्या, वर्षाचं पिंडदान केलं, आणि माझे कान अजून फावड्याच्या आवाजाकडे. पुढचा बराच वेळ मला कागदावरचं काही दिसलं नाही. पेन हातात धरून बसलो. मग स्वतःला शिवी दिली आणि उरलेलं लिहिलं. खोली बत्तीस अंश, फ्रीझर उणे अठरा, फरक किती? मी बत्तीसातून अठरा काढले, चौदा लिहिले. लहानापासून मोठ्यापर्यंत लावा म्हटल्यावर मी शून्य पहिलं ठेवलं आणि उणे अठरा सगळ्यात शेवटी, कारण माझा हट्ट.

नापास झालो. माझ्यासोबत तीन पोरंही झाली, दाभोळचा त्यात होता. मॅडमनी आम्हाला थांबवून सांगितलं, "पुढच्या शनिवारी एकदा परत घेते. त्यानंतर नाही. नापास माणसाच्या हातात मी गॅसची टाकी देणार नाही. तो स्वतः मरेल आणि दुसऱ्याला मारेल." मला ते आवडलं. बोलणं सरळ होतं.

संध्याकाळी फोन आला. मी खोटं बोलत नाही. सांगितलं, "नापास झालो."

तो एकदम मऊ झाला. "बाबा, वाईट वाटून घेऊ नका. प्रयत्न केलात ना. मी रविवारी येतो घ्यायला."

"येऊ नको. पुढच्या शनिवारी परत आहे."

"सौद्यात परत नव्हतं, बाबा."

"सौद्यात परीक्षा होती. परीक्षा संपलेली नाय."

"तुम्ही पण ना! हिने तुमच्यासाठी खाट आणून ठेवली. गादीपण."

"खाट कुठे पळून जाते काय? शनिवारपर्यंत थांब."

आतून सुनेचा आवाज आला, "अहो, थांबा म्हणतायत तर थांबा की!" मी तिला मनातल्या मनात आशीर्वाद दिला. मुलगा म्हणाला, "बरं. शनिवार. पण त्यानंतर एक शब्द नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी पाढे घेऊन बसलो. वर्गातल्या पोरांनी उजळणीचं पुस्तक आणून दिलेलं, त्यात हत्तीचं चित्र. हत्तीला बघत बारा ते वीस घोकले. शेजारच्या वैनी कुंपणापाशी येऊन उभ्या राहिल्या. "भाऊजी, बरं वाटत नाय काय? एकटेच बोलताय."

"सतराचा पाढा म्हणतोय, वैनी."

"असं. मला वाटलं मंत्र."

पाढे जमत होते. पण शून्याखालचं जमत नव्हतं. बत्तीस आणि उणे अठरा यांचा फरक पन्नास, हे मला पाठ झालं, पण का, ते नाही. आणि मला का ते कळल्याशिवाय माझा हात चालत नाही. भिंत कुठे टेकते ते कळल्याशिवाय मी चिरा ठेवत नाही.

पाणी काढायला विहिरीवर गेलो. आमची विहीर मीच बांधलेली, आतून चिऱ्याची. कप्पीवरून दोर सोडला, कळशी खाली जायला लागली, आणि हातातला दोर सरकताना एकदम डोक्यात आलं. कळशी तशीच वर ओढली, घरातून टेप आणली, टेपला दगड बांधला.

काठापासून वर कप्पी, चार फूट. काठापासून खाली पाणी, एकोणीस फूट.

आता कप्पीपासून पाण्यापर्यंत दोर किती पाहिजे? एकोणिसातून चार काढून पंधरा फूट दोर आणला तर कळशी पाण्याच्या आठ फूट वर लोंबकळत राहील आणि मी काठावर बोंबलत. दोर तेवीस पाहिजे. चार वरचे आणि एकोणीस खालचे. काठ हे शून्य. वरून खाली जाताना काठ ओलांडला की दोन्ही मिळवायचे. यात शिकलेल्या लोकांची उलटी रीत काही नव्हती. आयुष्यभर मी दोर असाच घेत आलो होतो, फक्त त्याला गणित म्हणतात हे माहीत नव्हतं.

मग लहानमोठं. विहिरीत वाकून बघत राहिलो. एक चिरा पाच फुटांवर, एक अठरा फुटांवर, शेवाळलेला. माती कशात जास्त निघाली हा प्रश्नच नाही. विचारलंय ते एवढंच की खाली कोण बसलंय. थंडी म्हणजे विहीर. जितका खाली उतरशील तितका गारठा जास्त आणि आकडा लहान. मॅडमनी हेच सांगितलं होतं, तळ कुठे आहे. मी खड्डा धरून बसलो होतो.

"जमलं काय?" वैनींनी कुंपणावरून विचारलं.

"विहीर कळली."

"तुमचीच विहीर ना भाऊजी?" म्हणाल्या आणि आत गेल्या.

ते सगळे दिवस मी घरातल्या प्रत्येक गोष्टीला शून्य लावून बघितलं. उंबरठा शून्य, पायऱ्या उणे. मी दाभोळच्याला बसस्टॉपवर विहीर सांगितली. तो म्हणाला, "आजोबा, आमच्याकडे भरती-ओहोटीचं तसंच असतं. धक्क्यावर खूण हाय, त्याच्या खाली पाणी गेलं की होडी बाहेर पडत नाय." मग त्याने मला त्याची खूण सांगितली, मी त्याला माझा काठ सांगितला. दोघांना एकमेकांचं कळलं.

शनिवारी मी लवकर गेलो. शेडचं शटर अजून बंद होतं. शेजारच्या कारखान्याची पाळी सुटत होती, माणसं डबे घेऊन चालली होती, आणि मी पायरीवर बसून नळीचे इंच-सूत तोंडात फिरवत होतो. मॅडम आल्या, कुलूप काढता काढता म्हणाल्या, "काका, आज मनात हं."

"आज मनात."

पहिलं गणित परत नळ्यांचं होतं, आकडे वेगळे. मी आकडा वाचला. ओठ घट्ट दाबून धरले. खालून आवाज येणार नाही हे मला माहीत होतं, आणि तरी कान तिकडेच लागले. या वेळी मी ते होऊ दिलं. मग सूत मिळवले, आठाचा इंच केला, बाराचा फूट केला. वेळ लागला. तिला फावड्याचे दोन घाव घालेपर्यंत जमायचं, मला अर्धं पान लागलं. पण आलं.

मग तापमान. वर-खाली होतं ते पटकन झालं. पण एक प्रश्न निराळा होता. फ्रीझरचं दार उघडं राहिलं, उणे अठराचे उणे पाच झाले. तापमान किती वाढलं?

माझा हात मिळवायला गेला. अठरा आणि पाच, तेवीस. लिहिणार इतक्यात थांबलो. कागदाच्या कोपऱ्यात आडवी रेघ काढली. काठ. आता अठरा कुठे? काठाच्या खाली. पाच कुठे? तोही खाली. दोर काठ ओलांडतच नाही. मग मिळवायचं कशाला? अठरावरून पाचपर्यंत वर ओढायची कळशी. तेरा. आणि वर ओढली, म्हणजे वाढलं. तेरा लिहिलं, खाली दोन रेघा ओढल्या, आणि परत एकदा तपासलं. शेजारच्या बाकावर दाभोळचा डोकं खाजवत होता. मी त्याच्याकडे बघितलं नाही. ज्याचं त्याने.

मॅडमनी पेपर तिथेच तपासले. आम्ही बाहेर उभे. पोरं मोबाईलवर, मी भिंतीला हात लावून. विटांची भिंत, सांधे बेकार. आत बोलावलं.

"काका, पास."

"किती?"

"लागतात त्यापेक्षा थोडे जास्त. गुणाकारात दोन ठिकाणी चुकलात. पण शून्याखालचं एकही चुकलं नाही." मग पेपरच्या कोपऱ्यावर बोट ठेवून म्हणाल्या, "ही आडवी रेघ कसली?"

"विहिरीचा काठ."

त्यांनी पेपर परत बघितला आणि म्हणाल्या, "काढत जा. कितीही शिकलात तरी काढत जा."

दाभोळचाही सुटला. बाकीच्या दोघांतला एक राहिला, तो सायकल घेऊन न बोलता निघून गेला. मी त्याला हाक मारली, पण थांबला नाही. पोरं म्हणाली, "आजोबा, पार्टी!" मी सगळ्यांना टपरीवर चहा आणि वडापाव दिला. तोंडात घास होता आणि मला घरी जायची घाई झाली, कुणाला तरी सांगायला. मग आठवलं. चहा संपवला.

संध्याकाळी फोन वाजला. मी उचलला आणि त्याने विचारायच्या आधी सांगितलं, "पास."

"खरंच?"

"बापाला विचारतोस खरंच?"

मला वाटलं आता रागावेल. पण तो म्हणाला, "आईला किती हसू आलं असतं, बाबा. तुम्ही आणि गणित." मी म्हटलं, हो. त्याने कधी येताय विचारलं नाही. मी म्हटलं, "खाट ठेव. गणपती झाले की दोन दिवस येईन. दोनच."

सोमवारी वर्कशॉपचं दार उघडलं. आत तेलाचा आणि तापलेल्या तांब्याचा वास. प्रत्येकाच्या जागेवर एक कटर, एक बेंडर, एक नळीचं भेंडोळं. मॅडमनी नकाशा दिला. एक नळी, मध्ये काटकोनात वाकलेली, एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत दिलेल्या मापात बसली पाहिजे. मी टेप लावली. दोन बाजूंची मापं मिळवली, मनातच, चुकलो नाही. खूण केली, कटर फिरवला, टोकाला कापताना उठलेली कड घासून काढली. कापलेलं तोंड इतकं सरळ होतं की मी स्वतःवर खूश. मग बेंडरमध्ये घालून वाकवली, बाकावर आखलेल्या खुणांवर ठेवली.

एक टोक खुणेच्या बाहेर गेलेलं. बोटाच्या नखाएवढं.

"काका, वाकताना नळी कोपरा कापून जाते. त्याचं किती धरलंत?" मॅडम मागे उभ्या होत्या.

काहीच धरलं नव्हतं. चिरा वाकत नाही. कोपऱ्यात दोन चिरे एकमेकांना भिडतात आणि माप तिथे संपतं. हे मला कोणी सांगितलंच नव्हतं, आणि सांगितलं असेल तर मी त्या दिवशी विहिरीत होतो.

"शिकवा," मी म्हटलं.

त्यांनी फळ्यावर वाकलेली नळी काढली, आत एक रेघ, बाहेर एक रेघ, आणि मधला हिशेब लिहायला लागल्या. हिशेब लांब होता. मी वही उघडली, आडवी रेघ काढून ठेवली, लागेल न लागेल, आणि भेंडोळ्यातून नवीन नळी सरळ करायला घेतली.